धवळ्यांच्या कुंडावरचे नाना

नाना येताना दिसले की आमच्या गल्लीत आधी बादल्या पालथ्या व्हायच्या आणि मग दारं उघडायची. जळगावच्या पिंप्राळ्यात राहायला आलो तेव्हा शेजाऱ्यांपैकी कुणीतरी मला हे सांगायला हवं होतं. पण सांगतंय कोण? सगळ्यांना नव्या माणसाची फजिती बघायची होती. मी खोकी उघडत बसले होते. फाटक वाजलं नाही, बेल वाजली नाही, आणि अंगणात कूलरमागे एक उंच, वाळका माणूस वाकलेला दिसला. पायजमा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा आणि हातात वरण वाढायची लांब दांड्याची पळी.

"अहो, कोण तुम्ही?"

त्यांनी पळी तिरकी करून कूलरच्या पाण्यात अलगद बुडवली, वर काढली आणि थेट माझ्या नाकासमोर धरली. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"काय करता तुम्ही, ताई?"

"कॉलेजात शिकवते. प्राणिशास्त्र."

"मंग बरोबर शे," ते म्हणाले. "घरमाबी प्राणी पाळेल शेत."

मला असा राग आला म्हणता! पण बोलणार काय, अळ्या माझ्याच होत्या.

हे सुकदेव नाना. मूळ शिरपूरकडचे, सारी नोकरी हिवताप विभागात, निवृत्तीनंतर पिंप्राळ्यात आमच्या शेजारच्या घरात. नोकरी सुटली तरी पळी सुटली नाही. सकाळी चहा झाला की ते कॉलनीत निघायचे. कुणाचा पिंप, कुणाची टाकी, कुणाच्या गच्चीवरचा फुटका टायर, कुणाच्या देवघरातलं कमळाचं घंगाळ, सगळीकडे पळी बुडायची. परवानगी वगैरे भानगड त्यांना ठाऊकच नव्हती. शेजारच्या काकू एकदा नहाणीत असताना नाना बाहेरच्या पिंपाशी पोचले होते. काकू आतून ओरडताहेत आणि नाना बाहेरून शांतपणे म्हणताहेत, "तुमचं चालू द्या, मन्हं काम पिंपाशी शे." ऑफिसातलं बोलणं त्यांना छान यायचं, पण चिडले की किंवा खूश झाले की अहिराणीवर यायचे. ते बहुतेक वेळा दोन्हीपैकी एक असायचेच.

त्यांच्या गच्चीवर सिमेंटची एक जुनी टाकी होती. तिच्यात गप्पी मासे. बोटाच्या पेरापेक्षा लहान मासा, डासांच्या अळ्या मटामट खाणारा. विहिरीत, हौदात सोडला की हिवतापाला आळा बसतो म्हणून नानांनी तो उभ्या आयुष्यात जळगाव-धुळ्याच्या किती पाण्यांत सोडला असेल, त्याला गणती नाही. पाहुणा आला की त्याला आधी गच्चीवर न्यायचं, चहा नंतर. टाकीवरचं फळकूट बाजूला करून ते म्हणायचे, "देखा. बठ्ठा मन्हाच शेत." म्हणजे सगळे माझेच आहेत. नातवंडं दाखवतानाही ते इतके खुलत नसत. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी आहेर म्हणून प्लास्टिकच्या बरणीत गप्पी दिले. नवरीच्या मामाने बरणी उजेडात धरून विचारलं, "हे खायचे की पाळायचे?" नाना तडक उठले आणि कार्यालयाच्या पाण्याच्या टाकीवर पळी घेऊन चढले. अळ्या निघाल्या. पाहुण्यांच्या जेवणाच्या पंगती सोडून सगळं वऱ्हाड टाकीभोवती. मला तर हसू आवरेना.

एक नियम मात्र त्यांनी मरेपर्यंत सांगितला. आधी पळी, मग मासा. पाण्यात अळी आहे की नाही ते आधी बघायचं. असेल तरच मासा सोडायचा, नसेल तर ते पाणी आपलं नव्हे. वॉर्डातल्या एका पुढाऱ्याला बंगल्यासमोरच्या कारंज्यात शोभेसाठी गप्पी हवे होते. माणसं पाठवली, गाडी पाठवली. नाना गेले, कारंज्यात पळी टाकली आणि हात हलवत परत आले. "अळी नही त मासा नही," एवढंच सांगून आले. पुढारी नाराज झाला तर झाला.

त्यांच्या गोष्टींतली सगळ्यात लाडकी गोष्ट यावलच्या वरची. सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी भिल्लांचा एक पाडा आहे. पावसावरची शेती, जंगलातला डिंक-मोह, नाहीतर खाली केळीच्या बागांत मजुरी. एका साली तिथे तापाने घरंच्या घरं आडवी झाली. पाड्यामागे डोंगरात काळ्या दगडाची एक लांब गुहा आहे. तिच्या तोंडाशी पाण्याचं कुंड, आणि पाडा पाणी भरायचा तो तिथूनच. नाना दुधाच्या किटलीत गप्पी घेऊन एसटीने निघाले. कंडक्टर म्हणाला, पाणी सांडतंय, झाकण लावा. नाना म्हणाले, झाकण लावलं तर मासे मरतील, मग पाड्यावरची पोरं वाचवायला तू येशील का? शेवटी किटली मांडीवर आणि तिच्यावर ओला रुमाल. पुढे डोंगर पायी. पाडा सगळा त्यांच्या मागून कुंडापर्यंत आला. नानांनी किटली वाकडी केली आणि मासे सोडले. बायांनी दाळबट्टी केली, त्यांना खाटेवर बसवून जेवू घातलं, आणि त्या दिवसापासून पाड्यावर त्यांचं नाव डागदर पडलं. गोष्ट संपायची ती नेहमी एकाच वाक्यावर: "मंग ताप गया." मी ही गोष्ट कितीदा ऐकली असेल! तिच्यात किटली असायची, कंडक्टर असायचा, दाळबट्टीतलं तूपसुद्धा असायचं. पळी कधीच नसायची. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

मग आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीने मला फोनवर एक फोटो दाखवला. तिच्या आजोळी, डोंगरातल्या गुहेत काढलेला. नखाएवढा झिंगा, दुधासारखा पांढरा, लांब मिशा, आणि डोळ्यांच्या जागी काहीच नाही. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहणाऱ्या जिवाचे डोळे असे जातात. पुस्तकात मी हे दरवर्षी शिकवत होते, पण माझ्याच जिल्ह्यात असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. अशाच जिवांवर काम करणारे एक संशोधक पुण्याहून यायला तयार झाले. जागेचं नाव ऐकताच नाना कुंपणावरून ओरडले, "ती त मन्ही जागा शे!"

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून जीपमध्ये सगळ्यांच्या आधी बसले होते.

पाड्याने त्यांना ओळखलं. काय ते स्वागत! टोपी, टॉवेल, नारळ. शाळेच्या ओट्यावर सरपंचाशेजारची खुर्ची त्यांना. संशोधक आणि मी सतरंजीवर. नाना असे फुलले होते की त्यांच्याकडे बघूनच मला बरं वाटत होतं. नंतर ते आम्हाला गुहेकडे घेऊन गेले. गुहेची रचना साधी आहे. तोंडाशी कुंड, तिथपर्यंत उजेड पोचतो. कुंडाच्या मागे दगडाचा एक ठेंगणा उंबरा, आणि उंबऱ्यापलीकडे काळोखातलं आतलं पाणी, ते दगडाखाली कुठवर गेलंय कुणाला ठाऊक नाही. आम्ही आतल्या पाण्यात सापळे लावले. सापळे म्हणजे मधून कापून तोंड उलटं बसवलेल्या पाण्याच्या बाटल्या, आत सुक्या बोंबलाचा तुकडा. विजेरीला लाल कागद, म्हणजे जीव बुजायला नको. सकाळी लावलेल्या सापळ्यांत दुपारपर्यंत एकच झिंगा आला. संशोधकांचा चेहरा उतरला. फारच कमी उरलेत, ते म्हणाले.

नानांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते बाहेरच्या कुंडाशी उकिडवे बसले होते आणि पाण्याकडे बोट करून मला हाका मारत होते. "ताई, देखा! अजून शेत! बठ्ठा मन्हाच शेत!" कुंडात गप्पी बुजबुजले होते.

तेवढ्यात जुबेदा मावशी हंडा घेऊन आली. त्या विद्यार्थिनीची आजी, सत्तरीची बाई. तिने हंडा पाण्यात घातला नाही. आधी काठाच्या दगडावर त्याचं बूड दोनतीनदा ठोकलं, जरा थांबली, मगच भरला. मागून आलेल्या बायांनीही तसंच केलं.

"मावशी, हे ठोकता कशाला?" संशोधकांनी विचारलं.

"धवळ्या बाजूले होतात. नाही त हंड्यात येतात ना."

"धवळ्या म्हणजे?"

मी तिला फोटो दाखवला. "हो, ह्याच," ती म्हणाली.

"पण या तर आत असतात, उंबऱ्याच्या पलीकडे."

"आता आत. पहिले इथंच होत्या, मोप. हात घातला की बोटाले लागत. पाऊस झाला की आतलं पाणी उंबऱ्यावरून येते, त्याच्यासंग पिलं घेऊन येत. पाला खात. मंग दिसेनाशा झाल्या. सासू ठोके, म्हणून मी बी ठोकते."

"केव्हापासून दिसेनाशा झाल्या?"

मावशीने एकदा नानांकडे बघितलं. मग हंड्यावरचं पाणी पदराने पुसत बसली. "झाले बरेच साल," ती म्हणाली. नाना अजून उकिडवेच होते. त्यांचं बोट अजून पाण्याकडेच होतं, पण डोळे मावशीच्या हंड्यावर.

संध्याकाळच्या आत शाळेच्या ओट्यावर बैठक झाली. संशोधक चांगले गृहस्थ, मासे कुणी सोडले ते त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी साध्या भाषेत समजावलं. धवळ्या पिलं घेऊन पावसाळ्यात बाहेरच्या कुंडात खायला येतात आणि हे मासे ती पिलं खाऊन टाकतात. असं आणखी काही पावसाळे चाललं तर आतल्याही संपतील. मग ते म्हणाले, "हे मासे आपोआप आलेले नाहीत. कुणीतरी आणून सोडलेत. ज्याने सोडले त्याला अक्कल नव्हती, एवढंच म्हणतो."

सगळ्या पाड्याला ठाऊक होतं आणि सगळा पाडा जमिनीकडे बघत होता. इतकी माणसं एका माणसाची लाज अशी झाकून धरतात, हे मी पहिल्यांदा बघितलं. माझे कान तापले होते. "सर, पुरे," मी म्हणाले, पण तोवर नाना उठले होते. डोक्यावर पाड्याने घातलेली टोपी तशीच, मांडीवरचा नारळ हातात. वर्गात गुरुजींनी उभं करावं तसे उभे.

"मीच," ते म्हणाले. "बठ्ठा मन्हाच शेत."

मावशी संशोधकांवर तडकली. "मासे सोडले त सोडले! माझा पोरगा तापातून उठला तो याच्यामुळेच. तुमी कुठे होते तवा?"

"नही, बाई," नाना तिच्याकडे न बघता म्हणाले. "तुझा पोरगा गोळ्यांनी वाचला." आणि त्यांनी नारळ सरपंचाच्या पुढ्यात ठेवला, टोपी काढून त्यावर ठेवली आणि जाऊन जीपमध्ये बसले.

परतताना यावलच्या अलीकडे केळीच्या ट्रकांची रांग लागली होती. जीप थांबून होती. संशोधक पुढे बसले होते, त्यांचा डोळा लागला होता. नाना माझ्या शेजारी, खिडकीकडे तोंड करून.

"ताई, त्या दिवशी मी पळी टाकेल व्हती."

मी त्यांच्याकडे वळले.

"रिकामी उनी. परत टाकी. परत रिकामी. थंडं पाणी, अंधार, कसाले ऱ्हाई अळी? डास पाड्याच्या खालच्या डबक्यात व्हतात. तठे फवारणी करी, घरोघर गोळ्या दिध्यात. ताप त्यानी गया."

"मग मासे कशाला सोडले, नाना?"

ट्रक हलले, जीप हलली. मग ते शुद्ध मराठीत बोलले, अगदी ऑफिसातल्यासारखं. "सगळा पाडा मागे उभा होता हो. किटली घेऊन इतक्या लांब गेलो. काही न करता परत कसा येऊ? लोक म्हणाले असते, डागदर आला आणि नुसतं पाणी बघून गेला. लोकांना दाखवायला सोडले."

मी त्यांचा हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला.

त्यानंतर कॉलनीतल्या बादल्या पालथ्या व्हायच्या बंद झाल्या. नाना घरातून निघेनात. निघाले तरी भिंतीच्या कडेकडेने. गल्लीतली पोरंसोरं "नाना, आमच्या टाकीत बघा ना" म्हणून मागे लागायची, ते मान हलवून पुढे जायचे. मला वाटायचं जाऊन सांगावं, की अहो, तुमच्या गप्पींनी इतर ठिकाणी किती माणसं वाचली असतील, एका कुंडाचं काय घेऊन बसलात! आमच्या ह्यांनी सांगून बघितलंही. नाना म्हणाले, "दुसऱ्या ठिकाणी पळी भरेल व्हती." झालं.

मग एका सकाळी बेल वाजली. दारात नाना. त्यांनी आमची बेल वाजवण्याची ती पहिलीच वेळ. हातात मच्छरदाणी फाडून शिवलेली जाळी होती, आणि दुसऱ्या हातात ती किटली.

"मासे काढायचे, ताई. कुंडात औषध टाकता येत नाही, बरोबर?"

"नाही. धवळ्या मरतील. शिवाय प्यायचं पाणी आहे."

"उपसताही येत नाही."

"नाही. हातानेच काढायला हवेत. आणि एखादी गाभण मादी जरी राहिली..."

"ते मला नका सांगू," नाना म्हणाले. क्षणभर जुने नाना वाटले. मग लगेच मान खाली. "पाणी उंबऱ्यावर यायच्या आत व्हायला पाहिजे. नाहीतर ह्याही सालची पिलं जातील."

तो सगळा उन्हाळा त्यांनी त्या कुंडावर काढला. पहिल्या एसटीने यावल, तिथून मिळेल त्या वाहनाने, मग पायी. सापळे बघायला मी अधूनमधून जायचे तेव्हा नाना दिसायचे, गुडघाभर पाण्यात, कपारींत जाळी खुपसत. काढलेले मासे मारायचे नाहीत. "त्यांनी काय करं? ते बिचारे किटलीत बसीसन उनात." आणले म्हणून आले, असं त्यांचं म्हणणं. किटलीत भरून परत पिंप्राळ्याला, गच्चीवरच्या टाकीत. पुन्हा ओला रुमाल, पुन्हा कंडक्टरशी वाद, पण आता वाद घालायचे ते खालच्या आवाजात. पाड्यावरचा चहासुद्धा घेत नसत. आणि बाया पाणी भरायला आल्या की पाण्याबाहेर येऊन गुहेच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. जुबेदा मावशी वैतागायची. "डागदर, नव्या नवरीसारखा काय तोंड फिरवतो रे?" बाया खो खो हसायच्या. नाना भिंतीकडेच बघत राहायचे.

जाळीत मासे कमी कमी होत गेले. मग नुसता पाला येऊ लागला. तरी नाना जातच राहिले. कुंडाच्या तळाचा एकेक दगड त्यांनी उचलून बघितला. ढग दाटायला लागले तेव्हा मीच त्यांना म्हणाले, "झालं, नाना. पुरे आता." ते म्हणाले, "पुरे म्हणणारे तुम्ही कोण, ताई?" राग नव्हता त्यात. नंतर पायवाट वाहून गेली आणि पाड्याशी येणंजाणं काही दिवस तुटलं. नाना घरी बसून यावलकडच्या पावसाची चौकशी करत राहिले. उंबरा बुडाला असेल का, एवढंच विचारायचे.

त्या हिवाळ्यात नाना गेले. झोपेत गेले, फार त्रास नाही झाला. त्यांच्या पोराने गच्चीवरची टाकी रिकामी केली तेव्हा अर्धी कॉलनी रडत होती. पण मला ते आठवतात ते तिथले नाहीत, त्याआधीच्या एका दुपारचे. वाट मोकळी झाल्यावर आम्ही पहिल्यांदा गुहेवर गेलो होतो. पाणी उंबऱ्यावरून चढून पुन्हा उतरत होतं, आतलं-बाहेरचं अजून एकच होतं. कुंडात गप्पी दिसत नव्हते. नानांनी पळी आणली होती, पण ती त्यांनी पिशवीतून काढलीच नाही.

मावशी हंडा घेऊन आली, तसे नाना सवयीने वळून भिंतीशी जाऊन उभे राहिले. मावशीने दगडावर हंडा ठोकला आणि थांबली. मी लाल विजेरी पाण्यावर धरली. काठाच्या खाली, ठोकलं तिथूनच, नखाएवढं काहीतरी पांढरं हललं. लांब मिशा पाण्यात चाचपत धवळी उंबऱ्याच्या दिशेने निघाली, आणि तिच्यामागे आणखी दोन, तिच्याहून कितीतरी बारीक. मावशीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला.

"डागदर! आली रे, पिलं घेऊन आली! देख!"

"नाना, वळा ना," मी म्हणाले. "तुमच्यामुळे आल्यात. बघा तरी."

नानांची पाठ हलली नाही. दोन्ही हात पायजम्याला घासत ते भिंतीशी बोलल्यासारखं बोलले.

"जाऊ द्या तिले. तिले मन्हं तोंड कसं दखाडू?"

तिला डोळेच नसतात, नाना. हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मावशीने हंडा न भरता खाली ठेवला. धवळी उंबऱ्यापलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघी पाण्याकडे बघत राहिलो आणि नाना भिंतीकडे.